भाकरीएवढं दुखणं

ऑपरेशन करणारा डॉक्टर माणसाला जन्मभर आठवतो. लोक त्याच्या घरी हुरडा पोचता करतात, पोराच्या लग्नाची पत्रिका आधी त्याला देतात. भूल देणारा डॉक्टर येतो तेव्हा पेशंट भ्यालेला असतो आणि जातो तेव्हा झोपलेला. त्याला कोण ओळखणार?

आमच्या भूलवाल्या डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक होतं, तरी ते दर वेळी खात्री करून घ्यायचे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटच्या पायथ्याशी जाऊन उभे राहायचे. हात मागे बांधलेले, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे.

"मला ओळखलं का?"

"न्हाई बा," पेशंट म्हणायचा. "लाईटचं मीटर बघायला आलाव का?"

एकानं त्यांना जिनिंगमधले कापसाच्या वजनकाट्यावाले ठरवलं होतं. एका बाईनं तर तिच्या जावेचा भाऊ म्हणून त्यांना त्यांच्या घरची खुशाली विचारली आणि ह्यांनी ती सांगितलीही! ओळखलं नाही की हे खूश. "छान, छान. म्हणजे भूल बराबर बसली होती." मग पुढचा प्रश्न, ज्याच्यासाठी ते खरं तर आलेले असायचे:

"दुखणं किती भाकर?"

ह्या भाकरीचं आधी सांगते. पेशंटला एक ते दहामध्ये किती दुखतंय ते विचारायचं, असं आम्हाला शिकवलेलं. आमच्याकडं असं विचारलं तर माणूस म्हणणार, "दहा म्हंजे कसं?" त्याला दोनच आकडे ठाऊक, 'लय' आणि 'न्हाई'. पण भाकर सगळ्यांनी मोडलेली असते. म्हणून डॉक्टरांचं माप भाकरीचं. नितकोर म्हणजे चिमणीला टाकावा एवढा तुकडा. मग चतकोर, अर्धी, पाऊण, आख्खी. केसपेपरवर ते पेन्सिलीनं एक गोल काढायचे आणि पेशंट सांगेल तेवढा काळा करायचे.

आणि लोकही काय हिशोबशीर सांगायचे! "सकाळच्याला अर्धी होती बघा. आता चतकोर हाय. पण खोकलो की आख्खी, अन् ती बी शिळी."

मी तेव्हा म्हणायची, "डॉक्टर, तुमचे केसपेपर बघून भूक लागते." आणि स्वतःच हसायची. माझ्या विनोदाला त्या काळी मीच तेवढी हसत होते.

त्या काळची मी म्हणजे सेलूतल्या एका खाजगी दवाखान्याची मोठी सिस्टर. पांढऱ्या साडीच्या कमरेला एक चावी खोचलेली. दवाखान्यात किल्ल्या पुष्कळ होत्या, पण ही चावी म्हणजे चावी. भिंतीतल्या लोखंडी कपाटात मॉर्फिनच्या जातीची कडक औषधं असायची, त्या कपाटाची. सरकारी कायद्याप्रमाणं ती कुलपात ठेवायची, एकेक थेंबाची नोंद करायची. दवाखान्याचे मालक आणि ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर, त्यांनासुद्धा औषध लागलं तर म्हणावं लागायचं, "सिस्टर, चावी." मग मी हातातलं काम संपवून, थोडा वेळ लावून, कमरेवर हात ठेवून जायची. खरंतर हातात काम नसायचंच. ती त्या वेळची सिस्टर मला आज भेटली तर मी तिला दोन ठेवून देईन. आधी मात्र तिच्याकडून लिंबाचं लोणचं मागून घेईन, ते तिला खरंच जमायचं.

ह्या माझ्या तोऱ्यात हे डॉक्टर आले आणि त्यांनी चावी मागायचंच कमी केलं.

ते चुडाव्याला राहायचे, एकटे. एवढा शिकलेला माणूस परभणी-नांदेड सोडून चुडाव्याला का राहतो, ह्यावर आमच्या चहाच्या खोलीत बरीच चर्चा झाली. मी एकदा तोंडावरच विचारलं. म्हणाले, "स्टेशन हाय की. दोन्हीकडून गाडी मिळते." आणि वर म्हणाले, "अन् तिथं मला कुणी ओळखत नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, इथं तरी कोण ओळखतंय?" ह्यावर ते इतक्या मोकळेपणानं हसले की मलाच कसंतरी झालं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एवढं तुकड्यातुकड्यानं कळत गेलं.

ते गाडीनं यायचे. खांद्याला रेक्झिनची काळी बॅग, आणि त्या बॅगेचं काय सांगू, तिच्यात औषधांच्या शेजारी भाजीची जुडीही निघायची. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच पेशंटला दोन साध्या गोळ्या. तापाला देतात त्याच! टेबलावर घेतल्यावर मुरगळल्या-सुजल्याला देतात त्या जातीचं एक इंजेक्शन, तेही मूत्रपिंड न् पोट धड आहे ना ते बघून. मग मोठे डॉक्टर टाके घालायला घेणार, तेवढ्यात हे म्हणणार, "थांबा." जखमेच्या कडेकडेनं सुन्न करणारं औषध सोडायला लावायचे. मोठ्या डॉक्टरांना थांबण्याचा भारी राग. आणि पुढं दोन-तीन दिवस, घड्याळ लावून दर सहा तासांनी पुन्हा त्या साध्या गोळ्या, दुखो की न दुखो.

"दुखणं एका दारानं येत नाही, सिस्टर," ते मला सांगायचे. "चार दारांनी येतं. एकाच दारावर पैलवान बसवून काय उपयोग? चार दारांवर चार साधी माणसं बसवायची. पैलवान लागलाच, तर थोडका."

पैलवान म्हणजे माझ्या कपाटातला. मला वाटायचं, हा माणूस माझ्याच वाईटावर आहे.

नातेवाइकांनाही हे पटायचं नाही. आमच्याकडं सुईशिवाय औषध नाही आणि सलाईनशिवाय दवाखाना नाही. एका पेशंटचा भाऊ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "बाई, एवढं पोट फाडलंय अन् तापाची गोळी देऊन ऱ्हायले? ती तर आमच्या गावच्या किराणा दुकानात मिळते." मी डॉक्टरांकडं बोट दाखवून म्हटलं, "त्यांना विचारा." त्यानं मीटर बघायला आलेल्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं आणि निघून गेला.

एकदा मी चिडून विचारलं, "कडक औषध एवढं वाईट असतं, तर बनवतात कशाला?"

"वाईट कोण म्हणलं? लय गुणी औषध हाय. पण ते दिलं की पेशंटचा श्वास मंदावू शकतो. शेजारी माणूस बसवावा लागतो, श्वास मोजायला. आपल्याकडं औषध हाय, सिस्टर. माणूस न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी दुसऱ्या कुठल्या गावी एक तरणी बाई होती. ऑपरेशन चांगलं झालं. वॉर्डात दुखायलंय म्हणून कुणीतरी कडक इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळानं अजून एक. हे तोवर परतीच्या गाडीत बसलेले. "इतकी गुपचूप गेली," ते म्हणाले, "की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, बरं झालं, डोळा लागला बिचारीचा." नंतर बराच वेळ ते बॅगेचा पट्टा नीट करत बसले. पट्टा नीटच होता.

मी काय केलं असेल? चहा सांगितला. मला तेव्हा सगळ्यावर चहाच सुचायचा.

त्यांची अजून एक तऱ्हा होती आणि तिच्यावर आख्खा दवाखाना हसायचा. ते झोपलेल्या पेशंटशी बोलायचे. भूल देऊन झाली, मोठ्या डॉक्टरांचं काम सुरू झालं, की हे डोक्याशी स्टूल ओढून बसायचे. एक हात पेशंटच्या हनुवटीखाली, डोळे छातीवर, आणि तोंडानं हळूहळू चाललेलं: "आज पॅसेंजर पूर्णेलाच थांबवून धरली बघा... भेंडी केली होती सकाळी, खारट झाली... भिंतीला ओल आलीय, त्या कोपऱ्यात ट्रंक होती ती हलवली..." जाग्या माणसांशी त्यांचं बोलणं म्हणजे 'मला ओळखलं का' आणि 'किती भाकर'. बाकीचं सगळं झोपलेल्यांसाठी राखून ठेवलेलं.

मी मोठ्या डॉक्टरांच्या बायकोपुढं त्यांची नक्कल करायची. हनुवटीखाली हात धरून, "भेंडी खारट झाली हो..." ती लोळायची हसून. मला बक्षीस म्हणून एकदा साडीही मिळाली. मोरपंखी होती. नेसवली नाही पुढं.

आता घड्याळाचं. गोळ्या वेळेवर जात नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते घरून एक गजराचं घड्याळ घेऊन आले. वर दोन घंट्या आणि मध्ये हातोडी, असलं जुनं. ते वॉर्डातल्या माझ्या टेबलावर ठेवलं. दर सहा तासांनी ते असं बोंबलायचं की खालच्या औषधाच्या दुकानातला माणूस वर बघायचा. गजर झाला की उठायचं, गोळी द्यायची, पुढच्या सहा तासांची चावी भरायची. म्हणजे माझी चावी कमरेला नुसतीच, आणि ह्या घड्याळाची चावी मी भरायची! मला हा अपमान वाटला. शिवाय झोपलेल्या पेशंटला हलवून उठवायचं आणि साधी गोळी द्यायची, हे कुठलं शहाणपण? मी एक दिवस ते घड्याळ कापसाच्या जाड गुंडाळीत बांधलं आणि बेडपॅनच्या कपाटात ठेवून दिलं. मला माझी खोडी फार आवडली. दोन दिवस मी गालातल्या गालात हसत होते.

त्याच दोन दिवसांत ताडकळसच्या आजी आल्या.

चिमणीएवढी बाई. लेक सेलूत दिलेली, तिनंच आणलं होतं. पित्ताशयात खडे. उजव्या बरगडीखाली मोठा छेद घ्यायचा होता. आजी लिंगायत, गळ्यात पूजेचं लिंग होतं, चांदीच्या डबीतलं. मी म्हटलं, "धातूचं काही आत नेता येत नाही. काढा." आजी एकदम घट्ट झाल्या. "बाई, जीव काढा. हे न्हाई काढायची."

मी नियम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात भूलवाले डॉक्टर मध्ये आले. त्यांनी डबीतलं लिंग स्वतः आजींनाच काढायला लावलं, ते स्वच्छ गॉजमध्ये त्यांच्याच डाव्या तळहातात ठेवून, मुठीवरून पट्टी बांधून दिली. "अंगापासून दूर नाही गेलं, माय. आणि आता ह्या मुठीला कुणी हात लावणार नाही." आजी ती मूठ छातीशी धरून टेबलावर गेल्या. मला आपलं वाटलं, झालं, आता केसपेपरवर भाकर आणि हातात देव.

ऑपरेशन रविवारी झालं. दुपारभर आणि संध्याकाळपर्यंत आजींची भाकर चतकोरच्या वर गेली नाही. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या, घोटभर पाण्याबरोबर, आणि शेवटची गाडी गाठली.

रात्रीच्या गोळीला घड्याळ वाजलं नाही. म्हणजे वाजलं असेल, कापसात. आजी झोपल्या होत्या. मी उठवलं नाही. पहाटेची गोळी मी त्यांच्या तळहातावर ठेवली, "घ्या," म्हटलं, आणि त्यांनी "हौ" म्हटलं. तेवढ्यात पुढच्या खाटेवर कुणी ओकलं म्हणून मी वळले. तक्त्यावर मात्र दोन्ही गोळ्यांपुढं टिक केली. एक न देता, एक न बघता.

सोमवार होता. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ह्या आजींनी आयुष्यात कधी तोंडात पाणी घेतलेलं नव्हतं. पण मोठ्या सिस्टरपुढं बोलायची छाती कुणाची? मीच तर सगळ्यांना धाकात ठेवलेलं. त्यांनी गोळी उशाशी ठेवलेल्या विभूतीच्या डबीत ठेवून दिली, हे मला नंतर कळलं. पूजा झाली की घेऊ. आणि आंघोळीची वाट बघत पडून राहिल्या, बिचाऱ्या. त्या अवस्थेत त्यांना आंघोळ कोण घालणार होतं?

दहाच्या सुमाराला आजी विव्हळायला लागल्या. मी विचारलं, "किती भाकर?" त्या म्हणाल्या, "टोपलंभर."

लेक रडायला लागली. "काही तरी द्या की हो बाई, ती मरायली." मोठे डॉक्टर एका बारक्या, भूल न लागणाऱ्या ऑपरेशनमध्ये होते. जास्त दुखलं तर कडक इंजेक्शन द्यावं, असा त्यांचा कायमचा हुकूम होताच. मी कमरेची चावी काढली. केवढ्या रुबाबात चालत गेले असेन! चार दिवसांनी कुलूप उघडलं होतं. मात्रा काढली ती नेहमीची, धट्ट्याकट्ट्या माणसाला देतो ती. समोर चिमणीएवढी सत्तरीची बाई आहे, हे माझ्या हाताला ठाऊक नव्हतं.

हळूहळू विव्हळणं थांबलं. चेहरा सैल झाला. लेक माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "बघा. ह्याला म्हणतात औषध." लेक चहा प्यायला खाली गेली. मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

भूलवाले डॉक्टर दुपारच्या केससाठी आले. हा माणूस कधी घाईत चाललेला मी पाहिला नव्हता. वॉर्डाच्या दारात थांबले, पेशंटच्या चेहऱ्याकडं नाही, सवयीनं छातीकडं बघितलं, आणि पळाले. बॅग खांद्यावरच. आजींचे ओठ निळसर होते. मिनिटाला चार की पाच श्वास, तेही वरच्या वर. त्यांनी हनुवटी उचलली, मला म्हणाले, "ऑक्सिजन," आणि काळ्या बॅगेतून, मेथीच्या जुडीखालून, एक बारकी कुपी काढली. त्या औषधावरचा उतारा. आमच्या कपाटात तो नव्हता. ते कितीतरी वर्षं तो बॅगेत घेऊन फिरत होते, त्या तरण्या बाईपासून.

"माय, श्वास घ्या. ताडकळसला बाजार भरलाय, माय. मोठ्यानं श्वास घ्या. हं, अजून एक."

आजींनी श्वास घेतला. मग अजून एक.

उतारा लवकर ओसरतो, औषध मागं राहतं, म्हणून ते जागचे हलले नाहीत. दुपारची केस खोळंबली. चार तास ते स्टुलावर बसून श्वास मोजत होते. मधून थोडा-थोडा उतारा, मधून त्या साध्या औषधाचं सलाईन, आणि हलक्या आवाजात भिंतीच्या ओलीबद्दल काहीतरी. संध्याकाळी आजी नीट जाग्या झाल्या आणि पहिलं काय मागितलं, तर विभूतीची डबी. कपाळाला लावायला. डॉक्टरांनी उशाशी हात घालून डबी काढली, झाकण उघडलं.

पांढऱ्या राखेवर पांढरी गोळी.

त्यांनी ती बघितली. मग पायथ्याला अडकवलेला तक्ता बघितला, माझ्या दोन टिका. मग मला बघितलं. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. त्यांनी बोटानं गोळी बाजूला केली, विभूती आजींच्या कपाळाला लावली आणि गोळी आपल्या शर्टाच्या खिशात टाकली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, दुपारची केस बुडाल्यानं आधीच तापलेले. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "तुमच्या ह्या किराणा दुकानातल्या गोळ्यांनी भागलं नाही, म्हणून सिस्टरला इंजेक्शन द्यावं लागलं. पेशंट जात होता माझा. चूक कुणाची हो ही?"

भूलवाल्या डॉक्टरांच्या खिशात माझी नोकरी होती. नवरा गेल्यावर एक मुलगी आणि ही नोकरी, एवढंच माझं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण तोंड मलाही होतं. एवढं बोलकं तोंड, नक्कल करणारं! मी पट्टीचा रोल गुंडाळत राहिले.

"माझी," डॉक्टर म्हणाले. "वेळा माझ्या चुकल्या."

त्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावणं बंद केलं. परभणीचे दुसरे यायला लागले, स्वतःच्या मोटारीतून, गॉगल घालून. ते कुणाला ओळख विचारायचे नाहीत आणि दुखणंही. "सिस्टर, चावी," पुन्हा सुरू झालं. मी खूश झाले असेन की नाही? झाले. आठ दिवस. मग एका दुपारी टेबलाजवळ एक म्हातारा पेशंट आला आणि म्हणाला, "ते भाकरीवाले कुठं गेले?" त्यांना ओळखलेला तो पहिला माणूस, आणि तो ओळखायला आला तेव्हा हे नव्हते. मी बेडपॅनच्या कपाटातून घड्याळ काढलं, कापूस सोडला. बंद पडलं होतं. पोस्टानं पाठवावं की नेऊन द्यावं, ह्या विचारात ते माझ्याकडंच राहिलं. विचार पुष्कळ वर्षं चालला. मी निवृत्त झाले, मुलीचं लग्न झालं, नात कॉलेजात गेली, विचार चालूच.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नांदेडला. भूल देणारी पोर नातीच्या वयाची. आधी गोळ्या, मग पायात सुन्न करणारं औषध, मग वेळेवर पुन्हा साध्या गोळ्या. मी म्हटलं, "अगं, हे तर आमच्या डॉक्टरांचं." ती म्हणाली, "आजी, हल्ली सगळीकडं असंच करतात." सगळीकडं! मला हसू आलं आणि लगेच डोळ्यात पाणीही. ती घाबरली. "दुखतंय का आजी? एक ते दहात किती?" मी म्हटलं, "चतकोर." तिनं ते कुठंच लिहिलं नाही. गुंगी असेल असं वाटलं तिला.

पाय टेकता यायला लागल्यावर मी घड्याळ दुरुस्त करून घेतलं, पिशवीत घातलं आणि काठी टेकत चुडाव्याला उतरले. स्टेशनावर विचारलं, "डॉक्टर कुठं राहतात?" "कोन डॉक्टर?" "म्हातारे आहेत, एकटे." "हां, ते पेन्सिलवाले का?"

खोली एकच. भिंतीला अजून ओल होती. ते फार वाळले होते, पाठीच्या मणक्यातलं दुखणं जुनं झालेलं, बसताना दोन्ही हात टेकवत होते. मी दारात हात मागे बांधून उभी राहिले.

"मला ओळखलं का?"

त्यांनी माझ्या कमरेकडं बघितलं. "चावी कुठाय?"

मी घड्याळ टेबलावर ठेवलं. बसले. आणि इतक्या वर्षांचं सगळं सांगून टाकलं. कापूस, बेडपॅनचं कपाट, दोन टिका. गुंडाळलेला पट्टीचा रोल. नक्कलसुद्धा सांगितली. भेंडीवर ते हसले.

"घड्याळाचं ठाऊक नव्हतं," म्हणाले. "बाकीचं खिशात होतं."

"मग बोलला का नाहीत? एका शब्दानं..."

"खोटं नाही बोललो मी. जिला पूजेआधी पाणी चालत नाही, तिला पहाटेची गोळी लिहिली. विचारायला पाहिजे होतं. त्यानंतर प्रत्येकाला विचारत आलो, पूजा कधी, नमाज कधी, उपास कुठला. मग वेळा लिहायच्या." मग म्हणाले, "तुमी यायला मात्र लय टाईम लावला."

ह्यावर मला चहासुद्धा सुचला नाही. चहा त्यांनीच ठेवला, स्टोव्हशी भिंत धरून उभे राहत.

तेव्हा माझं लक्ष कॅलेंडरकडं गेलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं काढलेला एक गोल. कुठं चतकोर काळा, कुठं अर्धा. मागची पानं उलटली. सगळे महिने तसेच. एकही दिवस सुटलेला नाही.

"हे कोण विचारतं तुम्हाला?"

"मीच विचारतो. मीच सांगतो." पाठमोरेच बोलले ते. "सवय."

आजच्या तारखेचा गोल काढलेला होता, पण रिकामा. पेन्सिल खिळ्याला दोऱ्यानं बांधली होती. मी ती हातात घेतली.

"आज किती भाकर, डॉक्टर?"

त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. खुर्चीत बसताना श्वास मध्येच अडकला, तो त्यांनी खोकल्यात लपवला. "आज? आज काय, नितकोर."

पूर्वीची मी असते तर नितकोर काळं करून मोकळी झाले असते. मी पेन्सिल धरून उभी राहिले. टेबलाची कड पकडलेली त्यांची बोटं बघितली, ओठ बघितले, छाती बघितली. मनातल्या मनात पाच श्वास मोजले. मग पाऊण भाकर काळी केली.

त्यांनी चष्मा लावला, पुढं वाकून पाहिलं.

"जास्त भरलीत, सिस्टर."

टेबलावर खोडरबर होतं. त्यांनी हात लावला नाही. घड्याळ पुढं ओढलं, चावी भरली, काटे लावले आणि विचारलं,

"गोळी किती वाजता घेऊ?"